आयोडीनची हाफलाइफ ८ दिवस, मग १६ दिवसांत सगळं संपतं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. त्यांच्या आत्यांचं थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतंय म्हणून त्यांना रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देणार आहेत, डोस १० मिलिक्युरी, कागदावर हाफलाइफ ८ दिवस असं लिहिलंय. ताईंचा प्रश्न असा की ८ दिवसांत निम्मं संपतं तर १६ दिवसांत सगळं संपणार ना? घरात दीड वर्षाचं बाळ आहे. शेजारच्या काकू म्हणतात आत्यांचे कपडे जाळून टाका. आणि शेवटी लिहिलंय, मी कॉमर्सची, रेडिओॲक्टिव्ह म्हणजे मुळात काय तेच कळत नाही, पहिल्यापासून सांगा.

सांगतो की. बावीस वर्षं झाली हॉस्पिटलमध्ये हेच काम करतोय, डोस मोजून द्यायचा, किरण मोजायचा मीटर घेऊन खोल्या तपासायच्या, पेशंटला घरी सोडताना काय करायचं काय नाही ते समजावून सांगायचं. आपल्याकडं एक अडचण कायमची, तो सूचनांचा कागद इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये मिळतो आणि घरातली म्हातारी माणसं वाचणार मराठी. मग कुणीतरी अर्धवट वाचून सांगतं आणि घरात भीती बसते. एका गावात मी स्वतः बघितलंय, आजोबांना डोस देऊन महिना उलटला तरी त्यांचं जेवण गोठ्याच्या दारात ठेवून लोक मागं सरत होते. उलटंही बघितलंय, दुसऱ्याच दिवशी नातवाला मांडीवर घेऊन दुपारभर बसलेल्या आजी. दोघांचीही चूक एकच, हे किती आहे आणि किती दिवसांत किती कमी होतं याचा हिशोब कुणी सांगितला नव्हता. तुम्ही कॉमर्सच्या आहात म्हणजे हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा बरा जमेल.

आधी मुळापासून. कुठलाही अणू घ्या, मधोमध बारीकसं केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि बाहेर इलेक्ट्रॉन. अणूचं नाव प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं, ५३ प्रोटॉन असले की ते आयोडीनच, ५४ झाले की झेनॉन. न्यूट्रॉन कमीजास्त असू शकतात. आपल्या मिठातलं आयोडीन असतं आयोडीन-१२७, म्हणजे ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन. आत्यांना मिळणारं आयोडीन-१३१, प्रोटॉन तेवढेच ५३ पण न्यूट्रॉन ७८, चार जास्त. बाहेरचे इलेक्ट्रॉन दोघांचे सारखेच असल्यामुळं शरीराला यातला फरक कळतच नाही, थायरॉईडची गाठ, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, नेहमीसारखी रक्तातनं आयोडीन ओढून घेते, १२७ आहे का १३१ बघत नाही. सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रोटॉन सगळे एकाच विद्युतभाराचे, एकमेकांना ढकलत असतात, आणि अगदी जवळ असलेल्या कणांना घट्ट धरून ठेवणारं एक वेगळं बल असतं, त्यानं केंद्रक टिकतं. प्रोटॉन-न्यूट्रॉनचं प्रमाण बरोबर असलं की ते केंद्रक कायमचं तसंच राहतं. प्रमाण बिघडलं, किंवा केंद्रक फारच मोठं झालं, की ते कधी ना कधी स्वतःहून बदलतं आणि बदलताना काहीतरी बाहेर फेकतं. हेच रेडिओॲक्टिव्हिटी, शाळेत किरणोत्सार म्हणून शिकलेलं. आयोडीन-१३१ मध्ये एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन जोरात बाहेर पडतो (सोबत न्यूट्रिनो जातीचा एक कण जातो, तो कशालाच शिवत नाही म्हणून सोडून देऊया), उरलेली शक्ती गॅमा किरण म्हणून जाते, आणि ५३ चे ५४ झाले म्हणजे आयोडीनचा झेनॉन झाला. झेनॉन हा वायू सहसा कुणाशी रासायनिक व्यवहार न करणारा, आणि हा झेनॉन-१३१ स्थिर, म्हणजे त्या अणूची गोष्ट तिथं संपली.

हे कुणी फोडत नाही, कुणी पेटवत नाही. इकडं अणू म्हटलं की लोकांना कैगाचं अणुवीज केंद्रच आठवतं, कारण ते कारवारच्या बाजूला, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. पण कैगाला युरेनियमच्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळवून ते फोडतात, एकातनं पुढचं फुटत जातं, तो वेगळा प्रकार. आत्यांच्या आयोडीनमध्ये आपोआप होणारा बदल आहे. १८९६ साली पॅरिसमध्ये हेन्री बेकरेलला हे असंच दिसलं, त्याला वाटत होतं युरेनियमच्या क्षाराला ऊन दिलं की किरण येतील, ढगाळ हवेमुळं त्यानं सगळं ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, तरी काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठसा उमटला होता. ऊन नाही, उष्णता नाही, आतनंच येत होतं. रेडिओॲक्टिव्हिटी हे नाव पुढं मेरी क्युरीनं दिलं.

आता हाफलाइफ, म्हणजे निम्मी केंद्रकं बदलायला लागणारा वेळ. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करताना कढईजवळ बसलाय का कधी? आधी एखाददुसरी फुटते, मग तडतडतड, मग कमी कमी होत शेवटी टप... टप. पुढची लाही कुठल्या दाण्याची फुटणार ते कुणीही सांगू शकत नाही, पण एकूण किती वेळात बहुतेक फुटतील ते आजीला पक्कं माहीत असतं. केंद्रकांचं असंच आहे, पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. लाहीच्या दाण्याला फुटायचं कारण असतं, आच, ओल, टरफल. केंद्रकाला बाहेरचं काहीच लागत नाही. आणि केंद्रक म्हातारं होत नाही. आयोडीन-१३१ चा आत्ताच तयार झालेला अणू आणि ८० दिवस टिकून राहिलेला अणू, दोघांचीही पुढच्या ८ दिवसांत बदलायची शक्यता अगदी तेवढीच, निम्मी. एवढं एक डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

शाळेतल्या पोरांना मी हे नाण्यांनी करून दाखवतो. शंभर नाणी एका डब्यात घालायची, हलवून चादरीवर ओतायची, छापा पडलेली सगळी बाजूला काढायची, उरलेली परत डब्यात. (पूर्वी अर्धे फोडलेले चिंचोके वापरायचो पण त्यांचं पांढरं-काळं निम्मं-निम्मं पडत नाही, मग नाण्यांवर आलो.) मागच्या वेळी आलेले आकडे वहीत आहेत: १००, ४७, २५, ११, ६, ४, १, १, ०. बघा, दुसऱ्या खेपेला सगळी संपली नाहीत. पहिल्यांदा निम्मी गेली, दुसऱ्यांदा उरलेल्यातली निम्मी. शंभर नाण्यांत आकडे थोडे इकडंतिकडं होतात, पण आत्यांच्या डोसमध्ये अणू कोटींच्या कोटी पटीत असतात, तिथं हा हिशोब सोनाराच्या काट्यापेक्षा बारीक जुळतो.

म्हणून ताई, ८ आणि ८ सोळा होऊन शून्य होत नाही. १० मिलिक्युरीचे ८ दिवसांनी ५, १६ दिवसांनी अडीच, २४ दिवसांनी सव्वा, ३२ दिवसांनी सव्वाचं निम्मं. दहा हाफलाइफ म्हणजे ८० दिवस गेले की मूळच्या १०२४ वा हिस्सा उरतो. घसारा काढताना दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्के लावता ना, खात्यावर मशीनची किंमत कधी पुरती शून्य होत नाही, अगदी तसंच.

हा झाला बाटलीत ठेवलेल्या आयोडीनचा हिशोब. आत्यांच्या अंगातलं याच्याही आधी कमी होतं, कारण गाठीनं न उचललेलं आयोडीन लघवीवाटे बाहेर जातं, त्यातलं बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच. म्हणून पाणी भरपूर प्यायला सांगतात (हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारा) आणि संडासात दोनदा फ्लश करायला सांगतात. अणूचं आपोआप बदलणं आणि शरीरातनं बाहेर पडणं, दोन्ही वाटांनी एकदम कमी होत जातं, त्यामुळं शरीरातली खरी हाफलाइफ ८ दिवसांपेक्षा कमीच भरते.

हा हिशोब आमच्या बाजूलाही चालू असतो. हे आयोडीन अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉन मारून तयार करतात, आणि तयार झाल्या क्षणापासून ते कमी व्हायला लागतं, गाडीत असतानाही, आमच्या शिशाच्या डब्यात असतानाही. फ्रीजमध्ये ठेवून थांबवता येत नाही. सोमवारी यायचा पेशंट लग्नाची तिथी आली म्हणून गुरुवारी आला तर शंभरातले सत्त्याहत्तरच उरलेले असतात, परत मोजणी, परत सगळं. म्हणून आत्यांना दिलेली तारीख चुकवू नका.

मिलिक्युरी म्हणजे किती तेही बघूया. एका सेकंदाला किती केंद्रकं बदलतात ते हे माप सांगतं, १ मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३ कोटी ७० लाख. १० म्हणजे ३७ कोटी. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मला माहीत आहे, पण वजनात हे आयोडीन एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी असतं. आणि तुमच्या-माझ्या अंगातही आत्ता सेकंदाला चार हजाराच्या आसपास केंद्रकं बदलताहेत, पोटॅशियम-४० ची. केळं, बटाटा, शहाळं सगळ्यात पोटॅशियम, आणि त्यातलं ०.०१२ टक्के हे रेडिओॲक्टिव्ह जातीचं, हाफलाइफ सुमारे १२५ कोटी वर्षं. आपल्या जिल्ह्यातल्या देशनूरच्या बाजूला दगडात युरेनियम सापडलंय, त्या युरेनियम-२३८ ची हाफलाइफ ४४७ कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वी झाली तेव्हा होतं त्याच्या जवळपास निम्मं अजून शिल्लक आहे.

इथं लोकांचा एक पक्का गैरसमज असतो, कोट्यवधी वर्षं टिकतं म्हणजे ते जास्त भयंकर. हाफलाइफ लांब म्हणजे केंद्रकं सावकाश बदलतात, म्हणजे सेकंदाला बाहेर कमी पडतं. एक ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये सेकंदाला बारा हजार चारशेच्या आसपास केंद्रकं बदलतात. एक ग्रॅम आयोडीन-१३१ असतं तर हाच आकडा त्याच्या अब्जावधी पट झाला असता. जोरात खर्च करणाऱ्याचा पैसा लवकर संपतो. औषधासाठी आम्हाला असंच लागतं, काम करून लवकर संपणारं. स्कॅनसाठी टेक्नेशियम वापरतो त्याची हाफलाइफ तर फक्त ६ तास. ते लांबनं आणणं शक्यच नाही, म्हणून मोलिब्डेनम-९९ भरलेलं एक भांडं मागवतात, त्याची हाफलाइफ ६६ तास, त्याचं बदलून टेक्नेशियम होत राहतं आणि आम्ही रोज सकाळी सलाईनचं पाणी त्यातनं ओढून तेवढं टेक्नेशियम काढून घेतो. जगभर या भांड्याला गायच म्हणतात, आमच्यातही 'धार काढली काय?' असंच विचारतात. सकाळी धार काढली की दुसऱ्या दिवशीपर्यंत परत भरते, आणि आठवडाभरानं गाय आटत जाते.

बाहेर काय फेकलं जातं त्याचे मुख्य तीन प्रकार. ते सांगायला माझ्याकडं एक जुनी वस्तू आहे, वडलांच्या गॅसबत्तीचं मेंटल, लग्नाच्या वरातीत डोक्यावर घ्यायचे त्या बत्तीची पांढरी जाळी. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, त्यानं उजेड झगझगीत पडायचा. हे मी प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून ठेवलंय, उघडत नाही, कारण त्याची पूड होते आणि ती नाकात जाऊ द्यायची नाही. माझ्या छोट्या मीटरवर नुसत्या खोलीत मिनिटाला वीस-पंचवीस टकटक येतात, टक... टकटक... मधेच पाच सेकंद काही नाही... टकटकटक, ताल म्हणून नाहीच. जाळीजवळ नेला की आवाज एकमेकाला चिकटून सलग चर्रर्र होतो. मधे स्टीलचं जाड ताट धरलं की आवाज खाडकन उतरतो, पण खोलीएवढा खाली येत नाही, थोडं ताटातनंही येतच राहतं.

अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा, जड, हवेत काही सेंटिमीटर जाऊन थांबतो, कागद किंवा कातडीचा वरचा थरही अडवतो, ती पिशवीसुद्धा. पण अल्फा फेकणारी पूड श्वासातनं फुफ्फुसात किंवा तोंडातनं पोटात गेली तर वाईट. बीटा म्हणजे तो इलेक्ट्रॉन, ताटात अडकणारा. गॅमा म्हणजे एक्स-रेच्या जातीचा, ताटातनं पार होणारा, त्याला शिसं किंवा जाड काँक्रीट लागतं. आयोडीन-१३१ मध्ये बीटा आणि गॅमा दोन्ही. बीटा मांसात फार तर दोनेक मिलिमीटर जातो, म्हणजे गाठीच्या पेशींवरच काम करतो आणि आजूबाजूला फारसा धक्का लागत नाही. गॅमा मात्र आत्यांच्या गळ्यातनं बाहेर येतो, आणि बाळाला जपायचं ते एक तर याच्यासाठी.

दुसरं कारण वेगळं आहे, आणि लोक इथंच गोंधळतात. चुलीजवळ बसलात तर शेक लागतो, उठून गेलात की शेक संपला, अंगाबरोबर तो शेजारच्या घरी जात नाही. पण चुलीतली राख हाताला लागली तर ती तुमच्याबरोबर फिरते, भांड्याला लागते, पोराच्या तोंडाला लागते. गॅमा म्हणजे शेक. तो ज्याला लागला ते माणूस, ताट, भाकरी रेडिओॲक्टिव्ह होत नाही, एक्स-रे काढून आलेला माणूस जसा काही पसरवत नाही तसं. आत्यांची लाळ, घाम, लघवी मात्र राख, कारण त्यात खरोखरचं आयोडीन असतं.

शेकाला उपाय लांब राहणं आणि थोडा वेळ राहणं. अंतर दुप्पट केलं की शेक चौथाई होतो, तिप्पट केलं की नववा हिस्सा. म्हणून त्याच घरात, पलीकडच्या खोलीत आत्या असल्या तर फारसं बिघडत नाही, पण बाळाला कडेवर, मांडीवर, कुशीत घेणं पहिले काही दिवस नकोच. बाळाची थायरॉईडची गाठ एवढीशी, तिला थोडंही जास्त पडतं. नक्की किती दिवस ते त्यांच्या डोसवर आणि डिस्चार्जच्या वेळी मीटरनं मोजलेल्या आकड्यावर ठरतं, कागदावर लिहून देतील तेच पाळा, कन्नड-इंग्रजी असलं तर तिथंच बसून वाचून घ्या, विचारायला लाजू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही तोच नियम. राखेला उपाय साबण आणि पाणी. आत्यांचा टॉवेल वेगळा, ताट-तांब्या त्यांचा वेगळा धुवायचा, त्यांचं उष्टं बाळाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, एवढ्या दिवसांत बाळाचा पापा पण नको. हे कठीण जातं, बाळ हात पसरून येतं, मला कळतंय. बाळाला थोडे दिवस आजोळी ठेवता आलं तर सगळ्यांचंच सोपं होतं. पण आत्यांना गोठ्यात बसवू नका, समोरच्या खुर्चीत दोन-तीन मीटरवर बसून गप्पा मारा की थोडा वेळ.

खऱ्या धोक्याची गोष्टही सांगून ठेवतो म्हणजे मी उगीच सगळं सोपं करतोय असं वाटायला नको. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात वर्षानुवर्षं न वापरलेलं एक जुनं यंत्र गेलं, आत कोबाल्ट-६० होतं, कामगारांनी ते फोडलं आणि त्यातला एकजण दगावला, बाकी काही आजारी पडले. कोबाल्ट-६० ची हाफलाइफ सव्वापाच वर्षं, म्हणजे वीसेक वर्षं पडून राहिलं तरी चौदावा-पंधरावा हिस्सा शिल्लक असतो, आणि मूळचाच आकडा प्रचंड असला तर तो हिस्साही माणसाला मारू शकतो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, भंगारात काम करणाऱ्या कुणाला जड शिशाचा डबा आणि पिवळ्यावर तीन पाकळ्यांची खूण दिसली तर हात लावू नका, लांब व्हा, पोलिसांना फोन करा. आत्यांचा डोस त्या पंगतीतला नाही.

आता काकूंचं कपडे जाळणं. नका जाळू. जाळल्यानं किरणोत्सार थांबत नाही, वर सांगितलं तसं केंद्रकाला आच लागतच नाही, तापवा, गोठवा, ॲसिडमध्ये घाला, ८ दिवसांचे ७ होत नाहीत. उलट कपड्यात असलेलं थोडंफार आयोडीन धुरातनं उडून नाकात जाईल, अंगणातल्या सगळ्यांच्या. पहिल्या काही दिवसांचे आत्यांचे कपडे, चादर, उशीचा अभ्रा बाळाच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा, दोन पाणी जास्त काढा आणि उन्हात वाळत घाला. एखादी जरीची साडी धुवायची नसेल तर पिशवीत बांधून माळ्यावर ठेवून द्या आणि तीन महिन्यांनी काढा, तोवर त्यातल्या आयोडीनचा हजारावा हिस्साही राहिलेला नसेल, बाकीचा सगळा झेनॉन होऊन हवेत गेलेला.